किल्ली शेजारी ठेवली आहे!

यंदाच्या दसऱ्याची गोष्ट. आपट्याची पाने, झेंडूची फुले, मेथीच्या दोन जुड्या आणि मिठाईचा पुडा असा सारा संसार चार हातांत सांभाळीत आम्ही उभयता नागपूरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या दाराशी येऊन उभे राहिलो, आणि सौ.ने जगातला सर्वांत साधा प्रश्न विचारला, "किल्ली?"

"तुझ्याकडे आहे ना?" मी म्हणालो.

"माझ्याकडे? अहो, दार तुम्ही ओढलंत!"

वाचकहो, पुढचा संवाद लिहिण्याचे कारण नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने तो आपापल्या दारासमोर केलेलाच असेल. मी सदऱ्याचा खिसा पाहिला, पाटलोणीचे दोन पाहिले, पुन्हा सदऱ्याचा पाहिला. हरवलेली वस्तू एकाच खिशात तीनदा शोधल्यास तिसऱ्या खेपेस सापडते, अशी पुरुषजातीची श्रद्धा आहे. सौ.ने पर्स पायरीवर उपडी केली. तीतून औषधाची चिठ्ठी, दोन सेफ्टी पिना आणि गेल्या वर्षीचे बसचे तिकीट निघाले. किल्ली तेवढी निघाली नाही.

हे दाराचे लॅच मोठे शिस्तीचे. जुन्या कुलपाला लावायला तरी किल्ली हाताशी लागे. हे मात्र दार ओढताच खट्‌कन मिटते. मग किल्ली आत असो वा बाहेर, मालकाचे काय होईल याची त्याला फिकीर नाही.

आम्ही पायरीवर बसलो. थोड्या वेळाने समोरचे दार उघडले आणि शेजारच्या गृहस्थांनी दोन खुर्च्या व पाण्याचा तांब्या आणून ठेवला. "बसा ना, आत या हवं तर," ते म्हणाले. मी म्हणालो, "नको, नको, होईलच आता!" आणि त्याच क्षणी माझ्या ध्यानात आले, की गेल्या चार वर्षांत यांचे आडनाव मी केवळ दारावरच्या पाटीवर वाचले आहे. पुढे तासाभराने किल्ली मेथीच्या जुडीत सापडली ते सोडा, पण त्या तासाभरात माझे मन पायरीवरून उठून थेट आमच्या अल्लीपूरला जाऊन बसले.

खिसेवाले आणि खुंटीवाले

अल्लीपुराकडे वळण्यापूर्वी किल्ली बाळगणाऱ्यांचे चार प्रकार सांगून टाकतो. पहिले खिसेवाले. यांची किल्ली कालच्या कपड्यांच्या खिशात असते आणि ते कपडे बहुधा धुण्यात भिजलेले असतात. दुसरे खुंटीवाले. घरात पाऊल टाकताच यांचा हात आपोआप दारामागच्या खिळ्याकडे जातो. यांची किल्ली हरवत नाही, फक्त पाहुण्याने दुसरीकडे टांगली की यांचे घर डोक्यावर येते. तिसरे लपवणारे. तुळशीची कुंडी, विजेच्या मीटरची पेटी, चौकटीवरची फळी, नाहीतर जुनी चप्पल, या चार जागा त्यांनी मोठ्या हिकमतीने शोधलेल्या असतात, आणि चोरही पहिल्याप्रथम त्याच चार जागा पाहतो!

चौथा प्रकार कमरेला छल्ला लावणाऱ्यांचा. चांदीच्या त्या छल्ल्यात कोठीची, कपाटाची, दुधाच्या फडताळाची अशा किल्ल्यांचा जुडगा अडकवलेली आजी चालू लागली, की सुनांना अर्ध्या वाड्यावरून वर्दी मिळे. त्या काळी घराचे राज्य सासूकडून सुनेकडे गेले हे कोणी बोलून दाखवीत नसे. एके दिवशी जुडग्याचा आवाज दुसऱ्या पावलांबरोबर ऐकू येई, एवढेच. आता तो जुडगा मोडून दोरीत ओवलेली एकच किल्ली शाळकरी पोराच्या गळ्यात आली आहे. आईवडील दोघेही नोकरीवर. दुपारी पोराने स्वतः दार उघडावे आणि झाकलेले जेवण घ्यावे. त्या दोरीकडे पाहून मला थोडे हसू येते, आणि थोडे वाईटही वाटते.

कुलपाच्या पोटात

ही इवलीशी वस्तू काम कसे करते? आपल्या लॅचच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेल्या बारीक पिनांची ओळ असते. योग्य किल्ली आत गेली, की तिचे दाते प्रत्येक पिनेला नेमके हवे तेवढेच उचलतात आणि आतला गोल फिरतो. एक पीन जरी केसभर कमी वा अधिक उचलली गेली, तरी सारे अडते. अमेरिकेतल्या लायनस येलने १८६० नंतरच्या काही वर्षांत हे कुलूप आजच्या रूपास आणले; पण त्यामागची कल्पना प्राचीन मिसर देशातल्या लाकडी कुलपांची. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी वकिलीवर पाणी सोडले आणि १८९७ साली मुंबईच्या लालबागेत कुलपांचा कारखाना काढला. अलीगढ आणि तमिळनाडूतले दिंडिगल ही गावे तर कुलपांच्या नावानेच ओळखली जातात.

पण न उघडणारे कुलूप अजून कोणी केलेले नाही. लंडनच्या ब्रामा कंपनीने आपले कुलूप दुकानाच्या खिडकीत मांडून, किल्लीवाचून ते उघडील त्यास दोनशे गिनी देऊ, असे आव्हान दिले होते. ते साठ वर्षांवर टिकले. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाचा अमेरिकन कारागीर आला आणि सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खटपट करून त्याने ते उघडलेच.

याच्या उलट आपल्या नेवासे तालुक्यातले शनिशिंगणापूर. तेथील घरांना दारे-कुलपे न लावण्याची रीत प्रसिद्ध आहे. २०११ साली युको बँकेने तेथे शाखा उघडली, तीही दाराला नेहमीचे कुलूप न ठोकता. म्हणजे एकीकडे साऱ्या जगाच्या अविश्वासाने घडवलेले कुलूप, आणि दुसरीकडे देवाच्या भरवशावर उघडे दार. आम्हा सामान्यांचे घर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते, आणि त्या मधल्या जागी माझ्या आठवणीत अल्लीपूरचे काकाजी उभे आहेत.

काकाजींची चाबी

अल्लीपूर हे वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यात. मुलूख काळ्या मातीचा आणि कापसाचा. आमचे घर कवेलूंचे, मातीच्या जाड भिंतींचे. वेचणीनंतर कापूस घरात भरला, की भाव येईपर्यंत त्या खोलीला कुलूप असे, आणि आम्हा पोरांना त्या ढिगावर उड्या मारायच्या असल्याने ते कुलूप चोरापेक्षा आमच्यासाठीच असे. बाहेरच्या दाराचे कुलूप मोठे लोखंडी. किल्लीला आमच्याकडे चाबी म्हणतात. ती बोटभर लांब होती आणि तिला दोन भावंडे होती असे म्हणा ना. एक आमच्या खुंटीवर, दुसरी शेजारच्या काकाजींच्या.

आमच्या घरी कोणी आले आणि दार बंद दिसले, तर गल्लीतले पोरही सांगे, "चाबी काकाजीकडं हाये." त्या एका वाक्यात सारे आले. घरचे लोक लांब गेलेले नाहीत, गेले असले तरी परत येणार आहेत, आणि तोवर तुम्ही तहानलेले राहणार नाही. आई माहेरी गेली की काकू चाबी घेऊन येत, देवापुढे दिवा लावीत आणि मांजरीला दूध ठेवीत. वडील म्हणत, "कुलूप चोरासाठी नसतं रे, सज्जनाला मोह होऊ नये म्हणून असतं. आणि चाबी ज्याच्याकडे द्यावी त्याला मोह होत नाही, म्हणून तो शेजारी."

आई आधीच गेली होती. सहा वर्षांपूर्वी वडीलही गेले. तेराव्यानंतर घर बंद करताना मी एक शहाणपणा केला. शहरातल्या एका स्नेह्याने सांगितले होते, बंद घराला जुने कुलूप ठेवू नये, किती जणांकडे किल्ल्या असतात कोण जाणे! मी हिंगणघाटच्या बाजारातून भक्कम नवे कुलूप आणले, लावले आणि त्याच्या दोन्ही किल्ल्या खिशात टाकून नागपूरच्या गाडीत बसलो. काकाजी ओसरीवर उभे होते. त्यांनी कुलपाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "सांभाळून जाजो, बाबू." बाकी काही नाही.

त्याच पावसाळ्यात त्यांचा फोन आला. वाऱ्याने आमचे कवेलू सरकले होते, पाणी आत जात होते. मी कामात होतो. म्हणालो, "काकाजी, कुलूप तोडा आणि आत जा." पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "दुसऱ्याच्या घराचं कुलूप मी तोडत नसतो, बाबू. तू ये." मी 'येतो, येतो' म्हणत राहिलो आणि गेलो तो थेट दिवाळीत.

छपरावर ताडपत्री ताणून बांधलेली होती. काकाजींनी आपल्या मुलाला वर चढवून ती बांधून घेतली होती. बाहेरून जे करता येण्यासारखे होते ते सारे केलेले, आणि आत जाण्यावाचून जे करता येत नव्हते ते तसेच राहिलेले. वडिलांच्या हिशेबाच्या वह्यांचा लगदा झाला होता. भिंतीवरचा आईचा फोटो, तिचा तरुणपणचा एवढा एकच होता, काचेच्या आत पाणी शिरून पांढरा पडला होता. चेहऱ्याच्या जागी नुसता डाग. कुलूप मात्र अगदी शाबूत होते!

मी तो फोटो घेऊन ओसरीवर बसलो. काकाजी आले, शेजारी बसले. मला वाटले बोलतील, आणि बोलले असते तर बरे झाले असते. त्यांनी बंडीच्या खिशातून कापडात गुंडाळलेले काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवले. ती आमच्या जुन्या कुलपाची चाबी होती. ते कुलूप मी केव्हाच भंगारात टाकले होते. चाबीला गंज नव्हता. तिला तेल लावलेले होते.

"हिचं कुलूप राहिलं नाही, काकाजी," मी म्हणालो.

"मले माहीत हाये. पण तुह्या बापानं देल्ली होती. वापस कोणाले देऊ, म्हणून ठेवली."

मी नव्या कुलपाची दुसरी किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी लगेच घेतली नाही. "राहू दे तुह्याजवळ. मी म्हतारा मानूस, कुठी ठेवीन अन् कुठी इसरीन." मी हात मागे घेतला नाही. शेवटी त्यांनी ती घेतली आणि आत जाऊन त्याच जुन्या खुंटीला टांगली. त्या रात्री लक्ष्मीपूजनाला त्यांच्या काकूंनी आमच्याही उंबऱ्यावर पणती लावली.

फोटो परत आला नाही. नागपूरच्या एका छायाचित्रकाराने तो यंत्रावर घालून पुष्कळ खटपट केली. चेहरा आला, पण तो माझ्या आईचा नव्हता.

दोन किल्ल्या

बँकेतल्या लॉकरची गंमत आपण पाहिली असेल. तो एका किल्लीने उघडत नाही. आधी बँकेची किल्ली फिरते, मग आपली. आपली हरवली तर बँकेकडे तिची जोड नसते. लॉकर फोडावा लागतो आणि तो खर्च आपल्या माथी येतो. मला वाटते, घराचेही तसेच आहे. कायद्याने ते आपल्या एका किल्लीने उघडत असेल, पण अडीअडचणीला ते उघडायचे तर दुसरी किल्ली शेजारी असावी लागते.

दिवाळीच्या सुटीत गावाला निघणाऱ्यांस चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतो. किल्लीच्या कडीला घरचा पत्ता लावू नये. सापडणाऱ्यास किल्लीबरोबर घरही सापडते. दारामागे एकच खिळा ठरवावा आणि घरातल्या सर्वांनी तो पाळावा. किल्ली बाहेर हरवली तर जोडकिल्ली करून समाधान मानू नये, कुलूपच बदलावे. आणि मीटरच्या पेटीत ठेवण्यापेक्षा माणसापाशी ठेवावी.

माझ्यापुरते म्हणाल, तर परवा फराळाचे ताट घेऊन मी समोरच्या दाराची घंटा वाजवली. चकली, अनारसे, शेव, आणि वाटीखाली आमच्या घराची तिसरी किल्ली. गृहस्थांनी वाटी उचलली, किल्लीकडे पाहिले आणि काहीच न विचारता आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? आपलीही एक काढून आण."