क्वांटमचा कोड कर्जतहूनही लिहिता येतो

कर्जतला कोकण ज्ञानपीठाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. खोपोली-खालापूरची कितीतरी मुलं शिकायला नवी मुंबई, पुणे गाठतात. ही मुलं कोड छान लिहितात, पण ‘क्वांटम’ हा शब्द आला की मागे सरतात. वास्तविक क्वांटम संगणकासाठी प्रोग्राम लिहायला जगभर ज्या कोड लायब्ररी वापरतात, त्यांपैकी आयबीएमची किस्किट (२०१७) आणि गूगलची सर्क (२०१८) या दोन्ही ओपन सोर्स आहेत. त्यांचा कोड कोणालाही वाचता येतो, दुरुस्ती सुचवता येते. वाट अडते ती पुढच्या गैरसमजांमुळे.

गैरसमज : हाताशी क्वांटम संगणक हवा.
वस्तुस्थिती : लायब्ररीवरचं बहुतेक काम साध्या लॅपटॉपवर, क्वांटम संगणकाची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरच्या मदतीने होतं. क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातलं माहितीचं एकक. एक क्युबिट वाढला की सगळ्या क्युबिटची एकत्र अवस्था साठवायला लागणारी मेमरी दुप्पट होते. नेहमीच्या पद्धतीने २० क्युबिटना सुमारे १६ एमबी पुरतात. ३० क्युबिटना मात्र १६ जीबी लागतात. कोड तपासायला बहुधा चार-पाच क्युबिटही पुष्कळ झाले. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ही नोंद आपल्याच लॅपटॉपवर होते. पावसात नेट गेलं तरी काम चालू राहतं. बदल पाठवताना तेवढं नेट लागतं.

गैरसमज : भौतिकशास्त्रात पीएच.डी. असल्याशिवाय हे जमणार नाही.
वस्तुस्थिती : काही भागांना सखोल भौतिकशास्त्र लागतं, सगळ्यांना नाही. किस्किटमधला ट्रान्सपायलर घ्या. आपण लिहिलेलं सर्किट, म्हणजे क्युबिटवरच्या क्रियांचा क्रम, तो प्रत्यक्ष चिपवर बसवतो. अनेक चिपांवर प्रत्येक क्युबिट फक्त शेजाऱ्याशी जोडलेला असतो. खोपोलीहून रेल्वेने पुण्याला जायचं तर आधी कर्जतला येऊन गाडी बदलावी लागते, तसं दूरच्या दोन क्युबिटना एकत्र आणायला मधल्या क्युबिटशी अदलाबदल करत जावं लागतं. अशी प्रत्येक अदलाबदल म्हणजे साधारण तीन सीनॉट गेट (दोन क्युबिटवरची क्रिया), आणि प्रत्येक गेटबरोबर चुकीची शक्यता वाढते. कमीत कमी अदलाबदलीत वाट काढणं हा ग्राफ थिअरीचा प्रश्न आहे. त्याची ओळख डेटा स्ट्रक्चरच्या तासाला झालेली असते. जोडीला पायथॉन आणि मॅट्रिक्स पक्क्या हव्यात. किस्किटचा वेगासाठी महत्त्वाचा बराच भाग आता रस्ट भाषेत आहे. ती येत असेल तर उत्तमच.

गैरसमज : योगदान म्हणजे नवा अल्गोरिदम शोधणं.
वस्तुस्थिती : बग शोधणं, चाचणी लिहिणं, चूक दाखवणारा संदेश नीट समजेल असा करणं, डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण सुधारणं, हे सगळं योगदानच आहे. दोन क्युबिटपैकी शून्य क्रमांकाचा क्युबिट उलटवला, तर किस्किट उत्तर ०१ असं दाखवतं आणि सर्क १०. दोन्ही बरोबर आहेत. क्युबिट कोणत्या बाजूने मोजायचे याची रीत तेवढी वेगळी. ही गोष्ट नवशिक्याला चार ओळींत समजावून देणारा माणूस पुढच्या शेकडो जणांचा वेळ वाचवतो. या कामाला मी कधीच दुय्यम मानणार नाही.

गैरसमज : कोणीही बदल करतं, म्हणजे कोड भरवशाचा नाही.
वस्तुस्थिती : सुचवलेला बदल थेट आत जात नाही. पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवली की आधी स्वयंचलित चाचण्या चालतात, मग लायब्ररी सांभाळणारे मेंटेनर ओळ अन् ओळ वाचतात, प्रश्न विचारतात, बदल परत पाठवतात. हे परत येणं अपमान समजू नये. जाणकार माणूस आपला कोड वाचून सुधारणा सांगतो, असं शिक्षण फी भरूनही सहज मिळत नाही.

गैरसमज : क्वांटम संगणक सगळीच कामं झटपट करतो.
वस्तुस्थिती : फायदा ठरावीक प्रश्नांतच होतो. क्रम न लावलेल्या दहा लाख नोंदींतून एक शोधायला साध्या संगणकाला सरासरी पाच लाख तपासण्या लागतात. लव ग्रोव्हर यांच्या १९९६च्या पद्धतीने सुमारे ७८५ पुरतात. पण रोजचा हिशेब किंवा पत्रलेखन यांना त्याचा काही उपयोग नाही.

गैरसमज : हे सगळं परदेशातच चालतं.
वस्तुस्थिती : ऑगस्ट २०२४मध्ये सहा क्युबिटच्या प्रोसेसरची संपूर्ण चाचणी मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाल्याचं जाहीर झालं. चिप या संस्थेने घडवली, नियंत्रण यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेने जुळवली, क्लाउडवरून सर्किट पाठवण्याची सोय टीसीएसने केली. एप्रिल २०२३मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद आहे. यंत्रं उभी राहतील, तेव्हा ती चालवणारा कोड लिहिणारी माणसंही लागतील.

सुरुवात अशी करावी : एकच लायब्ररी निवडा, तिच्या चाचण्या आपल्या लॅपटॉपवर चालवून पाहा, नवख्यांसाठी खूण केलेल्या कामांतलं एक उचला आणि अडलं तर तिथेच मोकळेपणाने विचारा. बदल स्वीकारला गेला की तुमचं नाव त्या कोडच्या इतिहासात नोंदलं जातं. तिथे गाव किंवा कॉलेज कोणी विचारत नाही. कोड वाचला जातो.