ट्रॅक्टरचा ड्रायव्हर कुणी तपासायचा?



हंगाम तोंडावर आला की आपल्या कारखान्यात काय काय तपासलं जातं याची यादी केली तर ती बरीच लांबेल. गव्हाणीची साखळी तपासतात, मिलचे रोलर तपासतात, बॉयलरची तपासणी होते. वजनकाटा सरकारी वजनमापे खात्याकडून तपासून घेतात, आणि तरीही आपण काट्याबद्दल कुजबुजत राहतो, तो भाग वेगळा. वाहतुकीचा करार करायचा म्हटलं तर ट्रॅक्टरचं आर.सी. बुक, विम्याची पावती, लायसन्सची झेरॉक्स, जामीनदारांचे सातबारे असं सगळं फाईलला लागतं. एक गोष्ट मात्र कुणी तपासत नाही. जो माणूस त्या ट्रॅक्टरवर बसून दोन भरलेल्या ट्रॉल्या रात्री गावातून काढणार आहे, त्याला त्या ओढता येतात का?

लायसन्स आहे की, असं कुणीही म्हणेल. त्या लायसन्सचीच गोष्ट आज सभासदांपुढे मांडावयाची आहे.

जुलै २०१९ मध्ये लोकसभेत मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडताना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीच सांगितलं की देशातले सुमारे ३० टक्के परवाने बोगस आहेत. खुद्द मंत्र्यांनीच असं सांगितल्यावर आपण वेगळं काय सांगणार? पण आमची तक्रार त्या ३० टक्क्यांपेक्षा उरलेल्या ७० टक्क्यांबद्दल जास्त आहे. ज्यांचा परवाना अगदी खरा आहे, त्यांची तरी परीक्षा कसली झाली?

शिकाऊ परवान्याला चिन्हं आणि नियम विचारतात, ६० टक्के उत्तरं बरोबर आली की पास. २०२१ पासून महाराष्ट्रात ही परीक्षा आधार कार्डावर घरबसल्या देता येते. सोय उत्तम आहे, मात्र परीक्षेला खुर्चीवर कोण बसलं होतं हे ज्याचं त्याला ठाऊक. तीस दिवस झाले की पक्क्या परवान्याची चाचणी. दिवसाउजेडी, मोकळ्या मैदानात, आठचा आकडा काढायचा, थोडं मागं-पुढं करायचं. झालं. आणि कायद्यात ७,५०० किलोपर्यंत मोकळं वजन असलेला ट्रॅक्टर हा 'हलक्या वाहना'तच मोडतो. म्हणजे चारचाकी मोटार चालवून परवाना काढलेला पोरगा कागदोपत्री ट्रॅक्टरलाही चालतो. मागे ट्रॉली जोडली तर परवाना निष्फळ ठरतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २००१ साली न्यायालयाने निकाल दिला की ट्रॅक्टरचा परवाना असेल तर ट्रॉली जोडल्यामुळे तो निष्फळ होत नाही. निकाल योग्यच म्हणायचा, नाहीतर अपघातग्रस्ताच्या घरी भरपाईचा पैसा पोचताना अडचण आली असती. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा की दोन ट्रॉल्या ओढायच्या कामाची परीक्षा या देशात वेगळी कुणी घेत नाही.

आता ट्रॉल्या ओढणं म्हणजे काय ते बघा. पन्नास-पंचावन्न अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः दोन-सव्वादोन टनांचा असतो. मागे दोन ट्रॉल्या मिळून पंधरा-वीस टन ऊस. स्वतःच्या सात-आठ पट ओझं ओढणाऱ्या या गाडीला ब्रेक कुठे असतात? ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. ट्रॉल्यांना बहुतेक ठिकाणी ब्रेकच नसतात. आणि ट्रॅक्टरला ब्रेकचं पेडल एक नसून दोन असतात, डाव्या चाकाचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं. नांगरटीत सरीच्या टोकाला जागच्या जागी वळता यावं म्हणून ही सोय केलेली. रस्त्यावर आलं की ही दोन्ही पेडलं एका लहानशा कडीने जोडून टाकायची असतात, म्हणजे दोन्ही चाकं सारखीच आवळतात. कडी लावली नाही आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर एक चाक धरतं, दुसरं फिरत राहतं, ट्रॅक्टर गर्रकन आडवा होतो आणि मागचे वीस टन त्याच्यावर येतात.

आम्ही मागच्या हंगामात दोन-तीन रात्री गाडीअड्ड्यावर फिरून ड्रायव्हर मंडळींना ही कडी दाखवा म्हटलं. काहींनी चटकन दाखवली. काहींची गंजून घट्ट बसली होती, म्हणजे ती कधी हललीच नव्हती. एका पोराने विचारलं, "दादा, ही कशाला असते?" त्याच्या खिशात लायसन्स होतं, आणि ते खरं होतं. आम्हाला त्या पोराचा राग आला नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, तर तो शिकणार कुठून?

जुन्या माणसांना बैलगाडीचे दिवस आठवतील. पोरगं बापाच्या शेजारी जुवावर बसून गाडी हाकायला शिकायचं आणि तेवढं शिक्षण पुरायचं, कारण अर्धी अक्कल बैलांची असे. गाडीवान झोपला तरी बैल रस्त्याच्या कडेने अड्ड्यावर आणून सोडत. तीच पद्धत आपण ट्रॅक्टरला लावली. मालकाचा पुतण्या मडगार्डवर बसून दोन हंगाम बघतो, मग रिकामी ट्रॉली आणायला मिळते, आणि तिसऱ्या हंगामात तो 'ड्रायव्हर' होतो. ट्रॅक्टरला अक्कल नसते एवढा फरक आपल्या ध्यानात राहिला नाही.

उताराचं तसंच. डिझेल वाचतं म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करतात. मडगार्डवर बसून पोरं शिकतात ती ही अशी विद्या! गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला धरून ठेवतं, न्यूट्रल केली की तो आधार सुटतो. मग ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलायला लागतात आणि पुढे वळण आलं की कातरीसारख्या मुडपतात. चढाला याच्या उलट. ओझ्याने पुढची चाकं उचलतात, स्टिअरिंग हातात असूनही उपयोगाचं राहत नाही. गावातल्या चौकात मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीने येत नाही, आतून कापत येते, म्हणून कोपऱ्यावर उभ्या माणसाला वाटतं ट्रॅक्टर तर गेला. दोन ट्रॉल्या मागे घेणं भल्याभल्यांना जमत नाही. त्यामुळे कुठे वळायचं, कुठे थांबायचं हे निघतानाच डोक्यात असावं लागतं. यातलं काहीही आठच्या आकड्यात येत नाही.

आणि अंधार. मागची ट्रॉली म्हणजे रस्त्यावर सरकणारी काळी भिंत. टेललाईटची वायर पहिल्याच खेपेत तुटते, रिफ्लेक्टर चिखलाने किंवा लोंबत्या वाढ्यांनी झाकलेला. मागून ताशी ६० किलोमीटरने येणारा मोटारसायकलवाला सेकंदाला सोळा-सतरा मीटर अंतर तोडतो, आणि डिपरच्या उजेडात त्याला तीस-चाळीस मीटरवरचं दिसतं. म्हणजे हिशेब दोन सेकंदांचा. समोरून गाडीचा झोत आला तर तेवढेही नाहीत. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच सोडून, मागे चार दगड मांडून ड्रायव्हर निघून जातो. चाक निघाल्यावर ते दगडही तिथेच राहतात. स्पीकरवरचं गाणं मात्र दोन गावांना ऐकू जाईल असं. त्या गाण्यात मागच्याचा हॉर्न कुठून ऐकू येणार?

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रात. यात उसाच्या वाहनांचा वाटा किती हे आम्ही सांगत नाही. आपापल्या गावात हंगामात कोणाकोणाच्या घरी काय झालं, हे सभासदांना आम्ही सांगायला नको.

सगळा दोष ड्रायव्हरवर टाकून मोकळं होणंही बरं नव्हे. त्याला पैसे खेपेवर. अड्ड्यावर नंबर लागेपर्यंत आठ-दहा तास, कधी त्याहून जास्त. गाडी खाली झाली की लगेच फड गाठायचा, कारण टोळी भरायला थांबलेली आणि मुकादमाचे फोन सुरू. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा २०२५ पर्यंत दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास सांगत होता, पण तो पाच किंवा अधिक कामगारांच्या धंद्याला. एकट्या ट्रॅक्टरवाल्याला तो लागत नव्हता, मग त्याचे तास मोजतंय कोण? झोपेला आलेला माणूस कितीही शिकलेला असला तरी झोपेलाच आलेला असतो. अड्ड्यावर त्याला आडवं व्हायला एक कोरडी जागा आहे का, हे संचालक मंडळाने एकदा रात्री दोन वाजता येऊन बघावं. आणि 'आमचा ऊस आज गेलाच पाहिजे' म्हणून चिटबॉयच्या मागे लागणारे आपणच असतो, हेही लिहून ठेवतो.

आता ट्रॅक्टर-मालक सभासदांसाठी चार शब्द, जरा कडू लागतील. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा ट्रॅक्टर झोकात चालवतो याचं आपल्याकडे कौतुक असतं. २०१९ च्या दुरुस्तीने कायदा असा झाला आहे की अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. त्याहून मोठी गोष्ट विम्याची. विन्यापरवाना माणसाच्या हाती मालकाने हयगयीने गाडी दिली हे सिद्ध झालं, तर विमा कंपनी मृताच्या घरच्यांना भरपाई देते आणि नंतर ती मालकाकडून वसूल करते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच हा मार्ग पक्का केला. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते, म्हणजे गाडी थेट सातबाऱ्यापर्यंत येते. 'शेतीकामासाठी' म्हणून उतरवलेल्या विम्यावर भाड्याने ऊस ओढला तर कंपनी हरकत घेते, ती आणखी निराळी. मडगार्डवर बसवलेल्या माणसाचा तर विचारच नको. ट्रॅक्टरला सीट एकच असते, दुसरा बसलेला माणूस विम्याच्या हिशेबात धरत नाहीत.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नवे नियम लागू झाले. त्यात हलक्या वाहनाला २९ तासांचं आणि जड वाहनाला ३८ तासांचं शिक्षण आहे, आणि तिथून पास झालेल्याला पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. पुण्याजवळ भोसरीला चालक प्रशिक्षणाची संस्था बरीच वर्षं आहे. ही सगळी व्यवस्था मोटारी, ट्रक आणि बस यांच्यासाठी. आमच्या उसाच्या दोन ट्रॉल्या तिच्यात कुठेच बसत नाहीत, आणि त्या बसेपर्यंत वाट बघायची आमची तयारी नाही.

करार कारखान्याचा आहे, ॲडव्हान्स कारखान्याचा आहे, तेव्हा अटही कारखान्याला घालता येते. आमची सूचना साधी आहे. कराराच्या फाईलला लायसन्सची झेरॉक्स लागते, तशी ड्रायव्हरची चाचणीही लागावी. दसऱ्याआधी गटवार दिवस ठरवून प्रत्येक ड्रायव्हरला अड्ड्यावर बोलवावं. कागदावरच्या ड्रायव्हरला नव्हे, जो खरोखर बसणार आहे त्याला. दोन ट्रॉल्या, त्याही भरलेल्या. पेडलची कडी लावून दाखवणं, हुकाची पिन आणि सुरक्षा साखळी घालणं, चढावर उभी करून पुन्हा उचलणं, उतारावर गिअरमध्ये आणणं, एका ट्रॉलीने मागे येणं, आणि अंधार पडल्यावर पाठीमागे शंभर पावलांवर उभं राहून स्वतःची ट्रॉली दिसते का ते बघणं. तासाभराचं काम आहे. येत नसेल त्याला परत पाठवू नये, तिथेच शिकवावं. एस.टी.तून निवृत्त झालेले चालक आपल्या गावागावांत आहेत. लाखो किलोमीटर गाडी चालवलेली ही माणसं पारावर बसून असतात, त्यांना मानधन देऊन बोलवलं तर आनंदाने येतील.

ड्रायव्हर मिळत नाहीत, परीक्षा घेतली तर आहेत तेही शेजारच्या कारखान्याला जातील, असं म्हणणारे आम्हाला भेटले. त्यांची काळजी खोटी नाही, गाड्या कमी पडल्या तर ऊस उभा राहतो आणि वजन घटतं, ते आम्हीही भोगलं आहे. म्हणून चाचणीत पास झालेल्याला खेपेमागे काही जादा द्यावं, त्याचा अपघात विमा कारखान्याने उतरवावा. चार पैसे जास्त आणि विमा मिळत असेल तर माणूस कशाला जाईल? आजूबाजूच्या कारखान्यांनी मिळून एकच चाचणी मानली तर जायला जागाच राहणार नाही. संचालक मंडळांनी एकत्र बसायचं म्हटलं तर अवघड नाही, दराच्या प्रश्नावर बसतातच की.

वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर होईल. विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा अशी लेखी मागणी ज्या सभासदांना करावयाची असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. ट्रॅक्टर-मालकांनी यंदा बसणाऱ्या ड्रायव्हरचं नाव व वय त्याच वेळी कळवावं. आणि घरी ट्रॅक्टर उभा असेल तर आज संध्याकाळी ती कडी सुटी होते का, ते बघावं. गंजली असेल तर थोडं डिझेल टाकून ठेवा, सकाळपर्यंत सुटते.