जुना मदरबोर्ड, नवे सुटे भाग

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळ्यासारख्या गावात चुकीचा सुटा भाग बदलून आणायचा म्हणजे शहराची आणखी एक खेप. म्हणूनच खरेदीपूर्वी मदरबोर्डची क्षमता तपासावी. जुन्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये नवे ग्राफिक्स कार्ड सहसा चालते. वेग मात्र त्या स्लॉटइतकाच मिळतो. त्याआधीच्या एजीपी स्लॉटमध्ये ते बसतच नाही. शिवाय कार्डाला पुरेल असा एसएमपीएस हवा. सॅटा-२ जोडणीची कमाल गती सेकंदाला ३०० मेगाबाइट असली, तरी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवताच संगणक लक्षणीय चपळ होतो. एनव्हीएमई ड्राइव्हवरून संगणक सुरू करणे मात्र जुन्या बायोसला बहुधा जमत नाही. तेव्हा पैसे मोजकेच असतील, तर आधी सॅटा एसएसडी घ्यावी. तत्पूर्वी साठवलेल्या माहितीची प्रत अवश्य काढून ठेवावी.