सॅक घ्यावी पाठीच्या मापाने

पाऊस लागला की गुरुवारी सकाळी राजगुरुनगरच्या एसटी स्टँडवर भोरगिरीच्या गाडीसाठी तरुण मुलामुलींची गर्दी होते. गुरुवारी, कारण चाकण पट्ट्यातल्या कित्येक कारखान्यांना त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असते. भोरगिरीहून जंगलातून, गुप्त भीमाशंकरावरून भीमाशंकरला चढणारी वाट ही आम्हा खेड तालुक्यातल्या लोकांची घरचीच वाट. गाडीची वाट पाहताना मी सगळ्यांच्या पाठी बघत असते. कुणाच्या पाठीवर कॉलेजचं दप्तर असतं, कुणाच्या कंपनीच्या कार्यक्रमात मिळालेली लॅपटॉपची बॅग, कुणाच्या एका खांद्याला जिमची पिशवी. चढ लागल्यावर तासाभरात यातल्या बहुतेकांचे अंगठे खांद्याच्या पट्ट्यांखाली जातात. पट्टा खांद्यात रुतू लागला की हात आपोआप तिथे जातो. ज्याच्या पाठीवर नीट बसणारी सॅक आहे, त्याचे हात मोकळे असतात आणि लक्ष वाटेवर असतं.

मी चाकणच्या एका कारखान्यात मोटारींच्या सीटची शिलाई तपासते. कापड, पट्टा, धागा, बक्कल यांच्यावरच आठ तास नजर असते. सुट्टीला सह्याद्रीत भटकायचं आणि कामावर टाके मोजायचे, अशा दोन सवयी जडल्यामुळे मैत्रिणी, शेजारची मुलं, शिफ्टमधले सहकारी सॅक घेण्याआधी मला विचारतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, कुठल्या कंपनीची घेऊ?" माझा उलट प्रश्नही ठरलेला: "पाठीचं माप घेतलंस का?"

माझं माहेर वाडा गावाच्या पुढचं. तिथल्या बायका चुंभळीवर लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरतात. ओझं मणक्याच्या बरोबर वर राहतं, म्हणून मान ताठ आणि पाऊल स्थिर. चांगली सॅकही हेच साधते: ओझं शरीराला खेटून ठेवायचं आणि त्याचा भार हाडांवर सोडायचा. हाडं म्हणजे खांद्याची नव्हे, कमरेची. मोठ्या सॅकचा रुंद, गादी भरलेला कंबरपट्टा नीट बसला तर बहुतांश वजन कमरेच्या हाडांवर जातं. तिथून ते मांड्यांकडे, म्हणजे शरीरातल्या सगळ्यांत दणकट स्नायूंकडे. खांद्यांनी सॅक फक्त सावरायची असते. कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी १९५२ मध्ये ॲल्युमिनियमची चौकट आणि कंबरपट्टा असलेल्या सॅक विकायला सुरुवात केली, आणि पाठीवरचं ओझं कमरेवर न्यायची ही युक्ती सर्वसामान्य भटक्यांपर्यंत पोचली. आज चौकट सॅकच्या आत गेली आहे. पाठीमागे ॲल्युमिनियमची पट्टी किंवा कडक प्लास्टिकचा पत्रा असतो, पण तत्त्व तेच आहे.

अमेरिकेत आणि युरोपात शिकाऱ्यांसाठी वेगळ्या सॅक बनतात. मारलेल्या जनावराचं मांस चौकट आणि पिशवी यांच्या मधल्या जागेत बांधून आणता यावं अशी त्यांची रचना असते, आणि झुडपाला घासताना आवाज होऊ नये म्हणून कापड मऊ असतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तशी शिकार उरली नाही, आणि भीमाशंकरचं जंगल तर १९८५ पासून अभयारण्य आहे. पण त्या सॅकमधल्या दोन गोष्टी आपल्यालाही घेण्यासारख्या आहेत. एक, चौकट इतकी भक्कम हवी की प्रसंगी दमलेल्या सोबत्याचं सामानही वर बांधता यावं. दुसरी, कापड खुसखुसणारं नको. शेकरू माणसाच्या आधी आवाज ओळखतं. आपला राज्यप्राणी झाडावर दिसावा असं वाटत असेल, तर पाठीवर सतत कुरकुरणारं प्लास्टिकसारखं कापड कशाला? शिकाऱ्यांचा झाडोऱ्यात मिसळून जाणारा रंग मात्र घेऊ नका. लाल, नारिंगी, पिवळा असा उठून दिसणारा रंग घ्या. धुक्यात किंवा दरीत कुणी चुकलं तर शोधणाऱ्यांना आधी रंग दिसतो.

आता माप. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी एक हाड वर येतं. तिथून सुरुवात करायची. मग दोन्ही हात कमरेच्या हाडांवर, अंगठे मागे पाठीकडे. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा पाठीच्या कण्याला जिथे छेदते तिथे शेवट. या दोन बिंदूंमधलं अंतर शिंप्याच्या टेपने, पाठीच्या वळणावरून दुसऱ्या कुणाला तरी मोजायला लावा. बहुतेक प्रौढांचं हे माप ४० ते ५५ सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. उंचीवरून ते ठरत नाही. उंच माणसाचे पाय लांब आणि पाठ आखूड असू शकते. चांगल्या कंपन्या सॅकवर पाठीच्या लांबीचा आकडा देतात, काही सॅकची पाठ खालीवर सरकवता येते. एकच सॅक घरातले दोघं-तिघं वापरणार असतील तर सरकणारी पाठच घ्यावी. बायकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. बायकांच्या सॅकचे खांद्याचे पट्टे जवळजवळ बसवलेले आणि छातीजवळ वळण घेतलेले असतात, कंबरपट्ट्याचा कोनही निराळा असतो. पुरुषांच्या मापाची सॅक घालून काखेत ओरखडे सोसत चालणाऱ्या कितीतरी मुली मी पाहते. त्यांना वाटतं, सवय नाही म्हणून होतंय. ते मापामुळे होतं.

माप झालं की आकारमान. ते लिटरमध्ये मोजतात. भोरगिरी-भीमाशंकर, शिवनेरी, लोहगड अशा एका दिवसाच्या भटकंतीला २० ते २५ लिटरची सॅक पुरते. पाणी, डबा, रेनकोट, कोरडे कपडे, विजेरी, प्रथमोपचाराचं साहित्य एवढं तिच्यात आरामात मावतं. एक रात्र हरिश्चंद्रगडावर काढायची तर ३५ ते ४५ लिटर. रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगड किंवा अलंग-मदन-कुलंग असे दोन-तीन मुक्काम असतील तर ५० ते ६०. सह्याद्रीत याहून मोठी सॅक सहसा लागत नाही. हिमालयातल्या थंडीचे जाड कपडे आपल्याला न्यायचे नसतात, आणि पायथ्याच्या बहुतेक गावांत भात-पिठलं, भाकरी मिळते. मोठी सॅक घेतली की ती भरली जाते, आणि भरलेलं सगळं आपल्याच पाठीवर चढतं. दिवसाच्या ओझ्यासाठी शरीराच्या वजनाचा दहावा भाग आणि मुक्कामाच्या ओझ्यासाठी पाचवा, ही मर्यादा जगभर मानतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाने दिवसाला सहा किलो आणि मुक्कामाला बारा किलोपर्यंत.

आपल्याकडे या हिशेबात सगळ्यांत जड असतं ते पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो. मार्चनंतर गडांवरची बरीच टाकी आटतात, तेव्हा चार-पाच लिटर बरोबर न्यावं लागतं. म्हणून बाजूच्या जाळीच्या खिशात बाटली घट्ट बसते का, आणि सॅक न काढता हाताला लागते का, हे दुकानातच पाहा. मात्र कारवीच्या रानात हीच जाळी काड्यांना अडकून फाटते. जाळीऐवजी ताणणारं जाड कापड असेल तर ते जास्त टिकतं. खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकरला चढणाऱ्यांनी सॅकची रुंदीही बघावी. शिडीवर आणि कातळाच्या कडेने जाताना फुगलेली सॅक दगडाला घासते आणि माणसाला बाहेर ढकलते. तिथे अरुंद, अंगाला चिकटून राहणारी सॅकच सुरक्षित.

यानंतर माझ्या रोजच्या कामाचा भाग, म्हणजे शिलाई. दुकानात सॅक बाहेरून सगळ्याच छान दिसतात. चेन उघडा आणि आतला भाग बाहेर काढा. कापडाच्या कडा उघड्या आहेत की त्यांवर पट्टी शिवून बंद केल्या आहेत? उघडी कड हळूहळू उसवत टिपेपर्यंत येते. दोन्ही अंगठ्यांनी शिवण ताणून पाहा. मध्ये धाग्याचे दात दिसू लागले तर टीप सैल आहे. टाके फार लांब असतील तर शिवण उघडते, आणि अगदी दाट असतील तर सुईच्या भोकांनी कापडच कमजोर होतं. खांद्याचा पट्टा सॅकला जिथे जोडलेला असतो तिथे एकावर एक घट्ट आडवे टाके हवेत, शिवाय पट्ट्याचं टोक शिवणीच्या आत खोलवर गेलेलं हवं. सॅक उचलताना आपण जी वरची कडी धरतो, तिचीही हीच तपासणी करा. चेनच्या मागे बारीक आकडा असतो. तो साधारणपणे बंद चेनच्या दातांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. मुख्य कप्प्याला आठ किंवा दहा आकड्याची चेन असावी, खिशाला पाच चालते. बक्कल दहा वेळा लावून काढा. मग त्यातला पट्टा जोरात ओढा. पट्टा सरकला तर डोंगरावरही सरकणार.

कापडावर २१०, ४२०, ६०० असे आकडे आणि पुढे डेनियर लिहिलेलं असतं. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. पण नुसता आकडा पाहू नका. तेवढ्याच जाडीचं नायलॉन घासण्याला पॉलिस्टरपेक्षा जास्त टिकतं, तर पॉलिस्टर उन्हाला बरं आणि पाणी कमी शोषतं. दिवसाच्या सॅकला २१० डेनियरचं, चौकडीचं विणकाम असलेलं नायलॉन पुरेसं आहे. मुक्कामाच्या सॅकचा तळ मात्र ४२० किंवा त्याहून जाड असावा, कारण ती सतत कातळावर टेकवली जाते.

सह्याद्रीच्या पावसात कुठलीच नेहमीची सॅक पूर्ण कोरडी राहत नाही. पाणी शिवणीतून आणि चेनमधून शिरतं. सॅकवर चढवायचं आवरण उपयोगी आहे, पण घाटमाथ्याच्या वाऱ्यात ते फुगून उडतं, आणि पाठीच्या बाजूने पाणी येतच राहतं. खात्रीचा उपाय आतला: सॅकमध्ये आधी एक जाड, मोठी प्लास्टिकची पिशवी घाला, सगळं सामान तिच्यात भरा आणि तोंड पिळून बांधा. पिशवी परत घरी आणा, अभयारण्यात तिचा तुकडाही राहता कामा नये. भटकंतीनंतर सॅक रिकामी करून सावलीत वाळवा. कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा लेप असतो. ओलसर सॅक बंद कपाटात किंवा दिवाणात राहिली की दमटपणाने हा लेप चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. जुनी सॅक घेणार असाल तर आत हात घालून पाहा. हाताला चिकटपणा लागला तर ती घेऊ नका.

दुकानात सॅक रिकामी घालून आरशात पाहण्यात अर्थ नाही. पाण्याच्या बाटल्या, दोर, जे मिळेल ते भरून आठ-दहा किलो करायला सांगा. आधी सगळे पट्टे सैल करा. कंबरपट्टा कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर ठेवून आवळा. मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणाऱ्या छोट्या पट्ट्या, आणि शेवटी छातीचा पट्टा, श्वास मोकळा राहील इतकाच. आता जिना चढा, उतरा, उकिडवे बसा, हात वर करा, मान मागे करून वर पाहा. डोकं सॅकला आपटत असेल तर कातळ चढताना पुढची खोबणी दिसणार नाही. पंधरा-वीस मिनिटं असंच राहा. जिथे टोचतं तिथे डोंगरात सोलणार. दुकानदार एवढा वेळ देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

भरतानाही क्रम असतो. झोपायची बॅग तळाशी, जड सामान मध्ये आणि पाठीला खेटून, हलकं बाहेरच्या बाजूला, रेनकोट आणि विजेरी सगळ्यांत वर. बऱ्याच सॅकच्या छातीच्या बकलातच शिट्टी असते. संकटाची आंतरराष्ट्रीय खूण लक्षात ठेवा: एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांनी येतं. घेताना शिट्टी वाजवून पाहा आणि बरोबरच्या लहान मुलांनाही ही खूण शिकवा.

पहिल्याच मुक्कामासाठी मोठी सॅक विकत घ्यायची घाई करू नका. पुण्यात त्या भाड्याने मिळतात. दोन-तीन वेगवेगळ्या वापरून पाहा, आपल्या पाठीला काय मानवतं ते कळेल. पैसे आधी दिवसाच्या चांगल्या सॅकवर घाला, ती वर्षभर उपयोगी पडते. आणि घेतलेली सॅक फाटली तर फेकू नका. जाड सुईचं मशीन असलेला सीट-कव्हरवाला किंवा बॅग दुरुस्त करणारा तुटलेला पट्टा, गेलेली चेन, उसवलेली टीप थोड्या पैशांत नीट करून देतो. यंदा पावसाआधी कपाटातली सॅक बाहेर काढा, उलटी करा, शिवणी ताणून पाहा आणि घरातल्या प्रत्येकाच्या पाठीचं माप लिहून ठेवा. नवी सॅक घ्यायची वेळ आली की तो कागद आणि टेप घेऊनच दुकानात जा.