ज्वारी ताण ‘सोसते’ म्हणजे काय करते?

(दादर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

तत्त्वज्ञानाचा माणूस ज्वारीवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. आमचं काम शब्द तपासण्याचं, आणि शेतीशास्त्रातला एक शब्द आम्हाला बरीच वर्षे खटकतो आहे: ‘सहनशील वाण’. ज्याला दुखतं तो सहन करतो. रोपाला दुखतं असं मानायला आधार नाही. मग ते करतं तरी काय?

मालदांडी घेऊ. लालबाग-परळला ज्यांची मुळं घाटावर आहेत त्यांना ही भाकरी सांगायला नको. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण १९३०च्या दशकातला. अजून पेरला जातो. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस सरता सरता. पुढचे चार महिने काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर काढायचे. ठेव आहे, भर पडेल याची खात्री नाही.

अशा वेळी मूळ खोल जातं, पानं सुरळीसारखी वळतात, अंगावर मेणाचा पांढुरका थर असतो. हे ताण टाळणं झालं. पेशीच कोरडी पडू लागली की तिच्यात साखर आणि क्षार साठवून उरलंसुरलं पाणी धरून ठेवायचं, हे मात्र सोसणं. पुस्तकांत दोन्हींना सर्रास एकच शब्द लावतात, तो आम्हाला मान्य नाही.

खरी गोम पर्णरंध्रांत आहे. जमीन सुकू लागली की रोपात ॲब्सिसिक आम्ल वाढतं आणि पानांवरची ही बारीक दारं मिटतात. पाणी वाचतं. पण कार्बन डायऑक्साइड त्याच दारांतून आत येतो ना! म्हणजे तहान टाळायची तर उपास आला. ज्वारी, बाजरी, मका यांना थोडी सवलत आहे: हा वायू आधी गोळा करून, दाट करून वापरण्याची सोय त्यांच्या पानांत असते, म्हणून दार किलकिलं ठेवूनही भागतं. गहू-भाताला ती सोय नाही.

उपासाची किंमत दाणा भरताना कळते. पानांकडून पुरेसं अन्न येईना, की कणीस खोडातली साखर ओढून घेतं. दाणा भरतो, खोड पोकळ होतं. मग बुरशी शिरते आणि उभं पीक लोळतं. शेतकरी याला खडखड्या म्हणतो.

आणि यात निम्मा वाटा माणसाचा. काळी जमीन भेगाळली की ओल उडते आणि मुळं तुटतात. वेळेवर कोळपणी करून भेगा बुजवाव्या लागतात. एकरी किती क्विंटल, एवढंच विचारणाऱ्यांना मालदांडी कमी वाटते. ते कडबा मोजत नाहीत. दुष्काळात गोठ्यातली जनावरं त्याच कडब्यावर जगतात.

‘सहनशील वाण दिला, आता काळजी नको’ असं कुणी म्हणालं तर १९७२ आठवा. त्या वर्षी पावसानेच दगा दिला. जमिनीत ठेवच नव्हती, मग वाण कुठला का असेना, काटकसर कशात करणार? त्या काळात आपण परदेशातून आलेला लाल मिलो खाल्ला, नाकं मुरडत. मिलो म्हणजे तरी काय, ज्वारीच.