परिचारिका ते कादंबरीकार : मेरी रेनॉल्ट

मेरी रेनॉल्ट हे नाव आपल्या वाचकांपैकी थोड्यांनीच ऐकले असेल. या बाईंचा जन्म १९०५ साली लंडनचा. ऑक्सफर्डच्या इस्पितळात त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात रुग्णसेवा करीत लेखनही केले. एका कादंबरीला हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीचे दीड लाख डॉलरचे बक्षीस मिळाले. त्या पैशावर १९४८ मध्ये सहचारिणी ज्यूली मलार्ड यांच्यासह त्या दक्षिण आफ्रिकेत गेल्या.

त्याच वर्षी तेथे वर्णद्वेषी सरकार आले. गोऱ्या कातडीचे सारे लाभ हाताशी असूनही बाई गप्प बसल्या नाहीत. काळा पट्टा बांधून निषेध करणाऱ्या गोऱ्या स्त्रियांच्या 'ब्लॅक सॅश' संघटनेत त्या सामील झाल्या. तेथेच राहून त्यांनी प्राचीन ग्रीक जगावर आठ कादंबऱ्या लिहिल्या.

त्यांतील 'द पर्शियन बॉय' (१९७२) आम्हाला विशेष वाटते. तीत सिकंदराची कथा कोण सांगतो? बालपणीच खच्ची करून विकला गेलेला गुलाम बगोआस! सम्राटाचा इतिहास गुलामाच्या तोंडून!

१३ डिसेंबर १९८३ रोजी केप टाउनमध्ये बाईंचे निधन झाले. वर्णद्वेषी राजवटीचा १९९४ मधील शेवट त्यांना पाहता आला नाही. आपल्या मुलामुलींना इतिहास शिकवताना आपणही विचारू या : हा सांगतो कोण?