रोगाचे मूळ शोधताना : चेस्टनटचा करपा आणि जीनोमवाचन

दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण नाहीसे झाल्यास दुःखाचा निरोध होतो आणि त्या निरोधाकडे नेणारा मार्गही आहे. तथागतांची ही चार आर्यसत्ये आपल्या विद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाची आहेत. यांतील दुसरी पायरी, म्हणजे कारणाचा शोध, वगळली तर काय होते आणि ती नेटाने चढली तर काय हाती येते, हे एका वृक्षाच्या इतिहासावरून मांडण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

काजू, बदाम, अक्रोड यांप्रमाणे चेस्टनट हेही कठीण कवचाचे फळ. अमेरिकेच्या पूर्व भागातील अ‍ॅपलाचियन डोंगररांगांत त्याची विस्तीर्ण अरण्ये होती. तेथील गरीब कुटुंबे ही फळे खात, विकत आणि गळालेल्या फळांवर आपली डुकरे पोसत. सहसा न कुजणारे त्याचे लाकूड घरांना व कुंपणांना उपयोगी पडे. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातील चेस्टनटवर एक अपरिचित रोग दिसला. पुढील सुमारे ५० वर्षांत या रोगाने ३०० ते ४०० कोटी झाडांचा बळी घेतला, असा अंदाज आहे. झाडांबरोबर त्या डोंगरी कुटुंबांचा आधारही गेला.

रोगास कारणीभूत होती क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका नावाची बुरशी. ती सालीवरील जखमेतून आत शिरते, ऑक्झॅलिक आम्ल सोडते आणि सालीखालचा जिवंत थर मारते. हा थर खोडाभोवती सर्व बाजूंनी मेला की वरचे झाड वाळते. मुळे मात्र जिवंत राहतात. त्यांतून नवे धुमारे फुटतात, काही वर्षे वाढतात आणि पुन्हा त्याच रोगाला बळी पडतात.

१९११ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने खास आयोग नेमून रोगट झाडे तोडण्याची मोहीम हाती घेतली. परंतु वारा, पाऊस आणि पक्षी यांनी वाहून नेलेले बीजाणू कुऱ्हाडीच्या पुढे धावत राहिले. १९१३ साली, म्हणजे बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले त्याच वर्षी, फ्रँक मेयर या वनस्पतिसंग्राहकास हीच बुरशी चीनमध्ये आढळली. तेथील चेस्टनट तिच्यासह तग धरून होते. रोग आशियातून आणलेल्या रोपांबरोबर आला होता, हे तेव्हा उमगू लागले. तोवर अमेरिकेतील अरण्ये वाचविण्याची वेळ निघून गेली होती.

अशोकाचे शिलालेख शतकानुशतके लोकांच्या डोळ्यांसमोर होते, पण १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हाच त्यांचा अर्थ कळला. पेशीतील डीएनए हाही असाच एक लेख आहे. त्याची रासायनिक अक्षरे अवघी चार. या बुरशीच्या संपूर्ण लेखात, म्हणजे जीनोममध्ये, अशी सुमारे ४.४ कोटी अक्षरे आहेत. रोगट सालीतून बुरशी वेगळी करून प्रयोगशाळेत वाढवतात, तिचा डीएनए काढून त्याचे तुकडे करतात, यंत्र ते तुकडे वाचते आणि संगणक त्यांची जुळणी करतो.

पोथीच्या नकला करताना लेखनिकाच्या हातून चुका होतात. त्या चुका ताडून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, हे इतिहासाचा अभ्यासक ठरवितो. डीएनएच्या नकलांतही असेच बदल साचत जातात. ठिकठिकाणच्या बुरशींचे जीनोम शेजारी ठेवले की त्यांची वंशावळ उलगडते. युरोपात हा रोग १९३८ साली इटलीतील जिनोआजवळ आढळला होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात २०० हून अधिक जीनोम तपासण्यात आले. आग्नेय युरोपात पसरलेला बुरशीचा वाण नव्याने आशियातून आलेला नसून युरोपात आधीच रुजलेल्या बुरशीतून निपजला, असे त्यातून दिसले. अर्थात सीमेवर परदेशी रोपे अडविणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. देशांतर्गत रोपांच्या वाहतुकीवरही लक्ष हवे.

जीनोमवाचनाचा दुसरा लाभ उपचाराशी निगडित आहे. १९५० च्या सुमारास इटलीत काही रोगट झाडे आपोआप सावरताना दिसली. तेथील बुरशीलाच एका विषाणूची बाधा होऊन ती दुर्बळ झाली होती. हा विषाणू एका बुरशीतून दुसरीत जातो तो दोहोंचे तंतू एकमेकांत मिसळले तरच. भिन्न गटांच्या बुरशी मात्र सहसा मिसळत नाहीत, संपर्काच्या जागी त्यांच्या पेशी मरतात. युरोपात असे गट कमी असल्याने विषाणू पसरला, तर अमेरिकेत गट अनेक असल्याने तो अडला. जीनोमांची तुलना करून संशोधकांनी ही अटकाव करणारी जनुके ओळखली. त्यांतील काही निष्क्रिय केल्यावर विषाणू वेगवेगळ्या गटांपर्यंत पोहोचतो, हे प्रयोगांत सिद्ध झाले.

अमेरिकेची अरण्ये यामुळे अद्याप परतलेली नाहीत. जुनी मुळे मात्र आजही धुमारे देत आहेत आणि त्यांना वाचविण्याचा मार्ग प्रयोगशाळांत शोधला जात आहे. जे घडते ते कारणाने घडते, ही धम्माची शिकवण आहे आणि विज्ञानाचा पायाही तोच आहे. नशिबाला दोष देऊन किंवा नुसती कुऱ्हाड चालवून रोग हटत नाही. म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, आपल्या मुलामुलींनी एखाद्या गोष्टीचे कारण विचारले तर त्यांना गप्प करू नये. उद्या कारणांचा शोध घेणाऱ्या प्रयोगशाळांत आपल्या वसतिगृहातून गेलेली मुलेमुलीही असावीत, अशी आमची मनीषा आहे.